मंत्र्याला घरी पाठवणारा न्यायाधीश सरकारचा राजदूत कसा झाला?

फेब्रुवारी १९५८ मध्ये एका न्यायाधीशाच्या अहवालामुळे देशाच्या अर्थमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. मंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी, प्रकरण होते मुंदडा घोटाळ्याचे आणि न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने या छागलांनाच अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले.

कोणी म्हणेल, अडचणीच्या माणसाला दूर धाडले. कोणी म्हणेल, बक्षीस दिले. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. मुळात वकील किंवा न्यायाधीश राजदूत होतो तो कोणत्या नियमाने, तिथे जाऊन करतो काय आणि त्यात खटकण्यासारखे काय आहे, हे समजून घ्यायला छागलांइतके चांगले उदाहरण भारतात दुसरे नाही. कारण या वाटेवरचे जवळजवळ सगळे खाचखळगे त्यांच्या कारकिर्दीत सापडतात.

महंमद अली करीम छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत, एका खोजा मुस्लिम व्यापारी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्समध्ये शिकून ते ऑक्सफर्डला गेले. तिथे इतिहास शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९२२ मध्ये मुंबईला परत आले. ज्यांच्या चेंबरमध्ये त्यांनी काम सुरू केले ते बॅरिस्टर म्हणजे महंमद अली जीना. त्या वेळचे जीना वेगळे होते. टिळकांवर १९१६ मध्ये राजद्रोहाची कारवाई झाली तेव्हा त्यांची बाजू लढवणारे, हिंदू-मुस्लिम ऐक्याचे दूत म्हणून ओळखले जाणारे. छागला त्यांच्याकडे काही वर्षे होते. उमेदवारीच्या काळात स्वतःचे अशील फारसे येत नसत, तेव्हा शासकीय विधी महाविद्यालयात शिकवणे आणि राजकारण हे दोन्ही चालू होते.

जीनांशी बिनसले ते १९२८ मध्ये. नेहरू अहवाल, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने तयार केलेला भारताच्या राज्यघटनेचा आराखडा, तेव्हा चर्चेत होता. जीना युरोपात होते. त्यांच्या गैरहजेरीत छागलांनी मुस्लिम लीगतर्फे या अहवालाला पाठिंबा दिला. जीना परतले आणि भडकले. लीगच्या नावाने हो म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, हा त्यांचा सवाल होता. मतांचा भाग सोडला तर जीनांचा हा सवाल कायदेशीर दृष्ट्या बिनतोड होता. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याला आपले अधिकार कुठे संपतात हे माहीत असावे लागते. वकिलाला अशिलाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही आणि राजदूताला सरकारच्या सूचनेशिवाय शब्द देता येत नाही. छागला हा धडा अठ्ठावीस वर्षांचे असताना शिकले.

१९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वातंत्र्य आले त्या सुमारास मुख्य न्यायमूर्ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदावर कायमस्वरूपी बसलेले ते पहिले भारतीय. त्यांचे एक काम मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. १९०८ मध्ये ज्या दालनात टिळकांना शिक्षा सुनावली गेली, तिथे १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, टिळकांचे उद्गार कोरलेली पाटी लागली. तिचे अनावरण छागलांनी केले आणि ती शिक्षा म्हणजे न्यायाचा धडधडीत नकार होता अशा अर्थाचे शब्द त्यांनी उच्चारले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या प्रमुखाने हे बोलावे, याला मोल आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, द्विभाषिक मुंबई राज्य जन्माला येत असताना, ते काही आठवडे हंगामी राज्यपालही होते. एकाच माणसाने न्यायपालिका सांभाळायची आणि कार्यपालिकेच्या शिखरावरही बसायचे, ही सरमिसळ तेव्हा फारशी कोणाला खुपली नाही. घटनेतच तशी सोय आहे.

मुंदडा प्रकरण आणि उघडी चौकशी

आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये नव्यानेच स्थापन झाले होते. जून १९५७ मध्ये या सरकारी महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. कंपन्यांची स्थिती नाजूक होती. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला नीट विचारलेही गेले नव्हते. पैसा विमाधारकांचा, म्हणजे सामान्य माणसांचा. फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयांनी आणि काँग्रेसच्याच खासदारांनी, डिसेंबरमध्ये हा विषय लोकसभेत काढला आणि सरकारला चौकशी नेमावी लागली.

छागलांनी चौकशी उघड्यावर घेतली. साक्षी मुंबईत, लोकांसमोर झाल्या. मंत्री, सचिव, महामंडळाचे अधिकारी सगळ्यांना प्रश्नांना तोंड द्यावे लागले. काम काही आठवड्यांत संपले, वर्षानुवर्षे मुदतवाढ घेणाऱ्या आजच्या आयोगांकडे पाहता हे खरे वाटत नाही. निष्कर्षातला कायद्याचा मुद्दा साधा पण दूरवर जाणारा होता: सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची आहे, मला माहीत नव्हते असे म्हणून ती झटकता येणार नाही. मंत्रिपदाच्या जबाबदारीचा विषय निघाला की आजही हा अहवाल आठवला जातो.

नेहरूंना विश्वासातला अर्थमंत्री गमवावा लागला. तरीही थोड्याच महिन्यांनी त्यांनी छागलांना वॉशिंग्टनला जाण्याविषयी विचारले. नेहरूंना राग आला नसेल असे नाही, पण परदेशात कोणाला उभे करायचे याचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवला. सरकारच्या मंत्र्याला सोडत नाही असा न्यायाधीश जेव्हा भारताच्या लोकशाहीबद्दल बोलतो, तेव्हा ऐकणारा जरा जास्त लक्ष देतो. शिवाय फाळणीनंतर दहा-अकरा वर्षांनी एक भारतीय मुसलमान भारताची बाजू मांडतो आहे, याचाही अर्थ होताच. नेहरू हे जाणून नसतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

राजदूत नेमतात कसा

आपले बहुतेक राजदूत भारतीय विदेश सेवेतले असतात. स्पर्धा परीक्षा देऊन लागलेले, एकेक पायरी चढत गेलेले. पण सरकार हवे तर बाहेरच्या कोणालाही राजदूत नेमू शकते आणि त्यासाठी परीक्षा, वयाची अट किंवा संसदेची मंजुरी लागत नाही. अमेरिकेत अध्यक्षाने नेमलेल्या राजदूताला सिनेटची संमती लागते, आपल्याकडे तसे नाही. पंतप्रधान आणि परराष्ट्र मंत्रालय ठरवतात, राष्ट्रपतींच्या नावाने नेमणूक होते. स्वतंत्र भारताचे अमेरिकेतले पहिले राजदूत असफ अलीसुद्धा वकीलच होते. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांच्या असेंब्ली बाँब खटल्यात बचावाच्या बाजूने उभे राहिलेले.

नाव ठरले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. ते आधी गुपचूप दुसऱ्या देशाकडे पाठवले जाते. या पूर्वसंमतीशिवाय राजदूत जाऊच शकत नाही, आणि नकार द्यायचा तर कारण सांगण्याचे बंधन त्या देशावर नसते. होकार आला की मग जाहीर घोषणा. तिथे पोचल्यावर आपल्या राष्ट्रपतींनी दिलेली अधिकारपत्रे तिथल्या राष्ट्रप्रमुखाला सादर करायची. हे सगळे प्रथेने चालत आलेले होते. १९६१ च्या व्हिएन्ना करारात ते लेखी आले. राजदूताला तिथले पोलीस अटक करू शकत नाहीत, वकिलातीत परवानगीशिवाय शिरता येत नाही, हे संरक्षण याच करारात आहे. त्या बदल्यात त्याने त्या देशाच्या अंतर्गत राजकारणात ढवळाढवळ करायची नाही. तो नकोसा झाला तर त्याला परत बोलवा असे सांगता येते, तेही कारण न देता.

एकाच माणसाकडे अनेक देश सोपवण्याचीही पद्धत आहे. छागलांकडे अमेरिकेबरोबर मेक्सिको आणि क्युबा होते. ते रुजू झाल्यावर लगेच, जानेवारी १९५९ मध्ये, क्युबात कॅस्ट्रोंची क्रांती झाली आणि दोन वर्षांत अमेरिकेने क्युबाशी संबंध तोडले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन राजधान्यांसाठी एकच भारतीय राजदूत!

युक्तिवाद जिंकणे पुरत नाही

वॉशिंग्टनमधला तो काळ भारतासाठी मोलाचा होता. दुसरी पंचवार्षिक योजना परकीय चलनाअभावी अडखळली होती. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९५८ मध्ये भारताला मदत करणाऱ्या देशांचा गट जमला. डिसेंबर १९५९ मध्ये आयझेनहॉवर भारतात आले, पदावर असताना भारतभेटीला आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. मे १९६० मध्ये पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली चार वर्षांत सुमारे एक कोटी सत्तर लाख टन धान्य देण्याचा करार झाला, त्यावर सही करायला मंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनला गेले होते. दुसरीकडे अमेरिका पाकिस्तानला शस्त्रे देत होती आणि मार्च १९५९ मध्ये त्या दोघांत आणखी एक करार झाला.

यातले राजदूताचे श्रेय किती? प्रामाणिक उत्तर असे की वेगळे काढून मोजता येत नाही. करार मंत्री करतात, अध्यक्ष करतात. राजदूत त्याआधीचे महिनोन्महिने सिनेटर, अधिकारी, संपादक, विद्यापीठे यांच्यात फिरत असतो, गैरसमज दूर करत असतो आणि दिल्लीला कळवत असतो की इथे खरोखर काय शिजते आहे. या शेवटच्या कामात न्यायाधीशाची सवय कामी येते: पुरावा वेगळा, ऐकीव गोष्ट वेगळी, आपली इच्छा वेगळी.

वकिलाची सवय मात्र दुधारी आहे. न्यायालयात दोन बाजू भांडतात आणि तिसरा निर्णय देतो. समोरच्या वकिलाला तुमचे पटले नाही तरी बिघडत नाही, न्यायाधीशाला पटले की झाले. राजनयात, म्हणजे देशादेशांमधल्या बोलणीव्यवहारात, हा तिसरा माणूसच नसतो. ज्याला वादात हरवायचे त्याच्याकडूनच गहू, कर्ज किंवा मत मिळवायचे असते. चारचौघांत निरुत्तर झालेला माणूस सहसा मदतीला येत नाही.

याचे ठळक उदाहरण व्ही. के. कृष्ण मेनन. तेही बॅरिस्टर आणि लंडनमधले स्वतंत्र भारताचे पहिले उच्चायुक्त. जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर ते दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास बोलले. देशात त्यांचे नाव गाजले. पण २४ जानेवारीला परिषदेने भारताला नको असलेला ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, फक्त सोव्हिएत संघ तटस्थ राहिला. इतक्या लांब भाषणानेही एकसुद्धा मत आपल्याकडे वळले नव्हते.

पुढे १९६४ मध्ये, केंद्रीय मंत्री असताना, छागला त्याच परिषदेत पाकिस्तानच्या झुल्फिकार अली भुत्तोंसमोर उभे राहिले. तेही बॅरिस्टरच. काश्मीरच्या महाराजांनी केलेले भारतातले सामीलीकरण कायद्याने पूर्ण आहे, काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे, ही बाजू छागलांनी आटोपशीरपणे मांडली. धर्माच्या आधारावर राष्ट्र ही कल्पनाच भारताला मान्य नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळे वजन येई. त्या वर्षीची चर्चा ठराव न होता संपली. सोव्हिएत नकाराधिकार पाठीशी होता हे विसरून चालणार नाही, पण कमी बोलूनही बिघडले काहीच नाही.

हेगमधला न्यायाधीश, वॉशिंग्टनमधला राजदूत

आता सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. दादरा आणि नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या हातून सुटली. सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे त्या लढ्यात होती. हा प्रदेश चहूबाजूंनी भारताने वेढलेला, त्यामुळे पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या दमणहून तिथे सैन्य न्यायचे तर भारतातूनच जावे लागे आणि भारताने वाट अडवली होती. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आम्हाला भारतातून जाण्याचा हक्क आहे, असा त्यांचा दावा.

या न्यायालयाचा एक नियम ऐकून अनेकांना धक्का बसतो. खटल्यातल्या देशाचा नागरिक पीठावर नसेल तर त्या देशाला त्या खटल्यापुरता आपल्या पसंतीचा एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने छागलांना नेमले, पोर्तुगालने आपला माणूस नेमला. ही नेमणूक छागला मुख्य न्यायमूर्ती असताना झाली. पण खटला लांबला. १९५९ च्या शरद ऋतूत मुख्य सुनावणी झाली तेव्हा ते भारताचे अमेरिकेतले राजदूत होते. म्हणजे सरकारच्या सूचनेने बोलणारा माणूस हेगला जाऊन त्याच सरकारच्या खटल्यात निःपक्ष न्यायाधीश म्हणून बसत होता. नियमात ते बसत होते. आज कोणी असे केले तर वर्तमानपत्रे काय लिहितील, याची कल्पना करून पाहा.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मतांनी. आणि भारताने आपली जबाबदारी मोडलेली नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. छागलांनी असहमतीचे मत लिहून भारताची बाजू बहुमतापेक्षाही अधिक उचलून धरली, पोर्तुगालच्या न्यायाधीशाने नेमके उलटे केले. दोघांनी एकमेकांना फिटवले आणि खरा निर्णय उरलेल्या तेरांनी दिला. या पद्धतीवर टीका होते ती यासाठीच. तिचे समर्थकही आहेत. त्यांचे म्हणणे असे की बंद दाराआडच्या चर्चेत आपल्या देशाची परिस्थिती समजावून सांगणारा एक तरी माणूस आत असतो.

सेटलवाडांचा आक्षेप

या खटल्यात भारताचे वकील होते महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी, मो. चि. सेटलवाड. छागलांचे मुंबईचेच समकालीन. सेटलवाड पहिल्या विधी आयोगाचेही अध्यक्ष होते आणि छागला त्या आयोगाचे सदस्य. आयोगाच्या १९५८ च्या चौदाव्या अहवालात एक शिफारस होती: उच्च न्यायालयाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारकडून पद घेऊ नये. कारण उघड आहे. ज्याच्यापुढे सरकार रोज पक्षकार म्हणून येते, त्याला त्याच सरकारकडून उद्या काही मिळण्याची आशा असता कामा नये. छागला या शिफारशीचे भागीदार होते, आणि त्याच वर्षी त्यांनी न्यायाधीशपद सोडून राजदूतपद स्वीकारले. सेटलवाडांनी पुढे आत्मचरित्रात यावर कडक शब्दांत टीका केली.

छागलांच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे. तेव्हा उच्च न्यायालयातले निवृत्तीचे वय ६० होते, म्हणजे ते सुमारे दोन वर्षे आधी, चालू पद सोडून गेले. सरकारला खूश करणारा न्यायाधीश अशी त्यांची ख्याती नव्हतीच, मुंदडा अहवाल समोर होता. घटनेतही मनाई नाही. कलम २२० एवढेच सांगते की उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशाला नंतर त्याच न्यायालयात किंवा खालच्या न्यायालयांत वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या उच्च न्यायालयात करता येते. सरकारी पदाबद्दल घटना गप्प आहे.

तरी मला सेटलवाडांचे पटते. छागला विकले गेले नाहीत, हे खरे. पण नियम चांगल्या माणसांसाठी करायचे नसतात. छागलांसारख्याने वाट पाडली की मागून येणाऱ्याला छागलांचे नाव पुढे करता येते, त्याच्या नावावर मुंदडा अहवाल असो वा नसो. २०१४ मध्ये माजी सरन्यायाधीश सदाशिवम केरळचे राज्यपाल झाले, २०२० मध्ये माजी सरन्यायाधीश गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर गेले. दोन्ही वेळा वाद तोच झाला.

१९६१ मध्ये वॉशिंग्टनहून परतल्यावर छागला १९६२ मध्ये लंडनला गेले, उच्चायुक्त म्हणून. राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला हे नाव असते, काम तेच. चीनच्या आक्रमणाचे वर्ष लंडनमध्ये गेले. १९६३ अखेर ते शिक्षणमंत्री झाले, शिक्षणाचा आढावा घेणारा कोठारी आयोग त्यांच्याच काळातला. नोव्हेंबर १९६६ मध्ये परराष्ट्रमंत्री. जून १९६७ मध्ये चीनने पेकिंगमधल्या, म्हणजे आजच्या बीजिंगमधल्या, भारतीय वकिलातीतल्या दोन अधिकाऱ्यांना हेर ठरवून हाकलले, तेव्हा दिल्लीतल्या चिनी अधिकाऱ्यांवर तसाच उलट बडगा उगारण्याचे काम त्यांच्याकडे आले. आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला, तोही परराष्ट्र धोरणावरून नव्हे, तर विद्यापीठांतून इंग्रजी घाईने हटवण्याच्या सरकारी धोरणावरून. स्वतःच्या खात्याशी संबंध नसलेल्या प्रश्नावर पद सोडणे राजदूताला कधीच परवडले नसते. त्याला सूचना पटली नाही तरी ती पोचवावी लागते.

त्यानंतर ते पुन्हा काळा कोट घालून सर्वोच्च न्यायालयात उभे राहू लागले, कलम २२० ने मोकळ्या ठेवलेल्या वाटेने. आणीबाणीत, पंचाहत्तरीत, त्यांनी जाहीर सभांतून तिच्याविरुद्ध भाषणे केली. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

न्यायाधीशपद मध्ये न आणता वकिलाने थेट राजदूत होण्याचे उदाहरणही मुंबईचेच आहे. नानी पालखीवाला यांनी आणीबाणी लागू होताच इंदिरा गांधींचे वकीलपत्र परत केले होते. जनता सरकारने त्यांना १९७७ मध्ये वॉशिंग्टनला पाठवले आणि १९७९ मध्ये ते परत येऊन आपल्या खटल्यांत गुंतले. त्यांच्या नेमणुकीवर सेटलवाडांसारखा आक्षेप घेता येत नाही, कारण वकील उघडपणे कोणाच्या तरी बाजूनेच उभा असतो आणि पालखीवाला सरकारविरुद्धच्या खटल्यांत न्यायासनावर कधी बसलेच नव्हते.